लाल ठिपक्याचे डबे

मला राग पटकन येतो आणि सावकाश जातो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जाऊबाईंना तर चांगलंच ठाऊक होतं. तरी त्यांनी माझी खोडी काढली, म्हणजे बाईच्या हिमतीची कमालच म्हणायची.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. त्या वर, आम्ही खाली, आणि सासूबाई वर त्यांच्याकडे. मधल्या जिन्यावरून डबे, भांडी आणि चुगल्या यांची दिवसभर ये-जा चालते. चुगल्या दोन्ही बाजूंनी जातात, डबे मात्र फक्त वर जातात. वर गेलेला डबा खाली आलेला मी कधी पाहिला नाही. आठवण केली की जाऊबाई तोंडाचा चंबू करून म्हणतात, "एवढ्याशा डब्यासाठी जिना चढून आलीस होय गं?"

मी पाळणाघरात स्वयंपाक करते. दात न आलेली, दात येत असलेली आणि दात असूनही न चावणारी अशी सगळी मुलं माझ्या हातचं खातात. तिथे प्लास्टिकच्या बाबतीत मोठी शिस्त आहे. मायक्रोवेव्हमध्ये जायचं ते काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या भांड्यातूनच. अगदीच अडलं तर बुडावर लाटांची खूण असलेला डबा चालतो, तोही ओरखडे नसलेला, झाकण सैल करून. आइस्क्रीमचा डबा थंडीसाठी केलेला असतो, त्याला गरम सोसत नाही. त्यातून पदार्थ तेलकट असेल तर तो पाण्याहून जास्त तापतो आणि पातळ डब्याचं पार मेण करून टाकतो. हे सगळं मी घरी इतक्यांदा सांगितलंय की आमचे हे कानावर हात ठेवतात.

तर सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्या घरी आल्या, त्या दिवसाची गोष्ट. थोरली नणंद लांबून आली होती. तिला आम्ही वन्सं म्हणतो आणि मनातून सगळेच घाबरतो. वर बाकीचेही जमले होते. सासूबाईंना पथ्याचं सूप होतंच, पण "धाकटीच्या हातचा टोमॅटोचा रस्सा एक चमचा तरी द्या गं" असं त्या स्वतः म्हणाल्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पाळणाघरातून लवकर निघाले, रस्सा केला, माझ्या निळ्या काठाच्या काचेच्या भांड्यात भरला, झाकण लावलं आणि वर नेऊन दिला. मग साडी बदलायला खाली आले.

परत वर गेले तो सगळे टेबलाभोवती उभे. सासूबाई खुर्चीत बसून तोंडातून काहीतरी काढत होत्या. पांढरट प्लास्टिकचा पापुद्रा. समोर एक आइस्क्रीमचा डबा होता, एका बाजूने पार खाली बसलेला, आणि त्यात माझा रस्सा. जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला होता.

"मी काय करू?" जाऊबाई म्हणाल्या. "खालून जसं आलं तसं गरम केलं."

"मी काचेच्या भांड्यातून दिलं होतं," मी म्हणाले.

"मग कुठंय ते भांडं? आम्ही गिळलं का?"

मी स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्यावर नव्हतं, मोरीत नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली कपाटं मी कशी उघडणार? वन्संनी भुवया वर केल्या. भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. आमचे हे गोरेमोरे झाले. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या घरी आल्यापासून स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या त्या खुर्चीतच बसून होत्या, दोन शब्द त्यांनी बोलायला काय हरकत होती? त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आजारपणाचा थकवा आहे.

"आणि ही म्हणे लहान मुलांना जेवू घालते," जाऊबाई म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी एखाद्या वर्षात विसरले असते. पण त्यांनी ही हकीकत मैत्रिणीला सांगितली. तिची नात आमच्याच पाळणाघरात येते. मग आमच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं की काही दिवस मी चुलीपाशी जाऊ नये, भाज्या चिरून द्याव्यात. इतकी वर्षं ज्या मुलांच्या तोंडात पहिला घास माझ्या हातचा गेला, त्यांच्यासाठी आता दुसरीच कुणी डाव हलवणार आणि मी कोपऱ्यात बसून गाजरं सोलणार. आणि वर सासूबाईंकडे काही पाठवायचं म्हटलं तर जाऊबाई जिन्यातूनच म्हणायच्या, "नको गं बाई, त्यांना आता खालचं सोसत नाही."

त्या दिवशी मी चंग बांधला. सगळ्यांच्या देखत, त्याच टेबलापाशी, त्याच माणसांसमोर जाऊबाईंचं पितळ उघडं पाडायचं आणि माझ्या हाताला लागलेला डाग त्यांच्याच हाताने पुसून घ्यायचा. कसं ते मात्र सुचत नव्हतं.

रागाच्या भरात मला घर आवरायची सवय आहे. सुट्टीच्या दिवशी घरातले सगळे डबे जमिनीवर मांडले आणि एकेक पालथा करून पाहिला. लाटांची खूण असलेले, धड डबे बाजूला काढले. बाकीच्यांच्या बुडाला नखांच्या लाल रंगाचा एकेक ठिपका दिला. आइस्क्रीमचे, लोण्याचे, बाहेरून आलेल्या जेवणाचे, ओरखडे पडून पांढुरके झालेले, सगळ्यांना ठिपका. लाल ठिपका म्हणजे गरम काही नाही. त्यात बटणं, खिळे, कपड्यांचे चिमटे आणि कोरडं धान्य.

"आता डब्यांनाही नटवतेस का?" ह्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. हे हसत हसत वर गेले. रोज संध्याकाळी आईजवळ बसायचं आणि खालच्या घरात शिंक आली तरी ती सांगायची, हा ह्यांचा नेम आहे. ह्यांच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

मी स्टुलावर चढून ते ठिपक्यांचे डबे वरच्या फळीवर ठेवत होते, इतक्यात जाऊबाई दारात. त्यांना लिंबू हवं होतं. लिंबू घेतलं, पण नजर फळीवर.

"इतके छान डबे माळ्यावर? लपवून ठेवतेस होय माझ्यापासून?"

सांगायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. अहो वहिनी, ते बाद डबे आहेत, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांनी "माझ्यापासून" हा शब्द असा काही उच्चारला की मी तोंड मिटलं, आणि मग पुन्हा उघडून म्हणाले, "हो. लाल ठिपक्यांचे माझे खास आहेत. तेवढ्यांना हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी पाळणाघरातून आले तर फळीवरचा एक डबा गेला होता. आतले चिमटे नीट ओट्यावर ओतून ठेवलेले. आमच्या घराची एक किल्ली वर असते, अडीअडचणीसाठी. मी ते चिमटे हातात घेऊन एकटीच इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

मग मी त्या फळीची उस्तवारच सुरू केली. पाळणाघरात जुने झालेले डबे टाकून देतात, ते मी मागून आणू लागले. शेजारणींकडून आणले. लिंबाने घासायचे, उन्हात वाळवायचे, चकचकीत करून वर ठेवायचे आणि बुडाला ठसठशीत ठिपका. झाकण घट्ट बसणारा डबा दिसला की मला विशेष आनंद व्हायचा. डबे एकामागून एक जिना चढत होते आणि मी भाजी चिरताना गुणगुणू लागले होते. गाजराच्या प्रत्येक चकतीला मी जाऊबाईंचं नाक समजून सुरी चालवायचे. वाईट वाटलं का? अजिबात नाही. मी कुणाच्या घरी जाऊन काही ठेवत नव्हते. हात लावू नका म्हणून स्वच्छ सांगितलं होतं.

एकदा जिन्यात त्यांच्या मैत्रिणीसमोर मी मुद्दामच विचारलं, "वहिनी, एवढे नवे डबे कुठले हो?"

"विकत घेतले," त्या नाक वर करून म्हणाल्या. "मायक्रोवेव्हचे खास. बरंच काही असतं बाजारात, जरा बघायची दृष्टी हवी."

मी मान डोलावली. जिन्यातून खाली येताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या, इतकी मी खूश होते.

सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला. वन्सं येणार होत्या. जाऊबाईंनी जाहीर केलं की सगळं जेवण त्या एकट्या करणार, आदल्या दिवशी करून ठेवणार आणि ऐन वेळी गरम करून वाढणार. "खालून काही आणायचं नाही," त्यांनी बजावलं. "वन्संना अजून तो वास आठवतो." मी म्हणाले, "नाही आणणार, वहिनी." मला स्वतःलाच माझा आवाज मधासारखा वाटला.

त्या दिवशी मी चांगली साडी नेसून वर गेले आणि स्वयंपाकघराच्या दारासमोरची खुर्ची धरली. तीच माणसं होती, तेच टेबल. सासूबाई नवं लुगडं नेसून मधोमध बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्या हसल्या नाहीत, नुसतंच बघत राहिल्या. मला त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. जाऊबाईंनी फ्रीज उघडला होता आणि आत माझे डबे ओळीने बसले होते.

त्यांनी सगळ्यात मोठा काढला. वर बोटभर तेलाचा तवंग असलेला मटणाचा रस्सा. झाकण चारी बाजूंनी दाबून बसवलं, डबा मायक्रोवेव्हमध्ये सरकवला आणि बटण भरपूर फिरवून त्या बाहेर येऊन गप्पा मारत उभ्या राहिल्या. मी मांडीवरचा रुमाल हातात पिळत होते. आधी वास आला. वन्संनी नाक मुरडलं. मग आत फट्‌दिशी आवाज झाला, इतका मोठा की भाऊजींच्या हातातला पेला हिंदकळला.

जाऊबाईंनी दार उघडलं तेव्हा झाकण मायक्रोवेव्हच्या आतल्या छताला चिकटलं होतं आणि डब्याची एक भिंत वितळून आडवी झाली होती. सगळा रस्सा काचेच्या तबकावर, तिथून दारात, दारातून त्यांच्या साडीवर.

"अगंबाई, परत?" वन्सं म्हणाल्या.

आणि जाऊबाई काय बोलल्या असतील? विचारसुद्धा न करता त्या ओरडल्या, "डबा खालचा आहे! हिचा आहे हा डबा!"

ह्याच वाक्यासाठी मी इतके दिवस थांबले होते.

"माझा?" मी उठले. "तुम्ही तर विकत घेतलात. जिन्यात मैत्रिणीसमोर म्हणालात, मायक्रोवेव्हचे खास."

जाऊबाईंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मी फ्रीजमधून दुसरा डबा काढला, उंच धरला आणि सगळ्यांना त्याचं बूड दाखवलं. तिसरा काढला. चौथा काढला. सगळ्यांना लाल ठिपका.

"हा ठिपका कशाचा, सांगा हो," मी ह्यांना म्हणाले.

"गरम करायचे नाहीत त्यांना हिने लावलाय," हे म्हणाले. "आमचे चिमटे असतात त्यात. पण हे वर कसे आले?"

"मलाही तेच विचारायचंय. मी तर हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. होय ना वहिनी?"

भाऊजी पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. वन्सं मात्र बघत होत्या ते जाऊबाईंकडे. "म्हणजे आपल्याच जावेच्या घरातून डबे उचलून आणलेस?" त्यांनी विचारलं. "मग त्या दिवशीचा तरी डबा कुणाचा होता गं?"

जाऊबाई साडीवरचा रस्सा पुसू लागल्या. तेव्हा सासूबाई बोलल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"त्या दिवशी धाकटीने काचेच्या भांड्यातूनच आणलं होतं. मोठीने माझ्या डोळ्यांदेखत ते आइस्क्रीमच्या डब्यात ओतलं. तिला ते भांडं फळं मांडायला हवं होतं. ओरडा झाला तेव्हा तिने ते तांदळाच्या पिंपात घातलं. अजून तिथेच असेल."

वन्सं उठल्या, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि निळ्या काठाचं माझं भांडं बाहेर काढलं. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या मैत्रिणीला फोन लाव. आत्ता. आमच्यासमोर."

जाऊबाईंनी फोन लावला. रस्स्याने माखलेल्या साडीत उभं राहून, अडखळत, चूक माझी होती असं त्या म्हणाल्या. ऐकू आलं नाही म्हणून पलीकडच्या बाईने पुन्हा विचारलं, तर त्यांना ते वाक्य परत म्हणावं लागलं. मला इतकं गार वाटलं! त्याच आठवड्यात पाळणाघरातल्या मोठ्या बाईंनी माझ्या हातात डाव परत दिला, हेही इथेच सांगून टाकते. जाऊबाईंबद्दल मला तेव्हा दया आली नाही आणि आजही येत नाही.

गलका ओसरल्यावर मी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या दमून आत जाऊन पडल्या होत्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते. कितीतरी दिवसांत मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं, रुसले होते ना मी.

"आई, तुम्ही बोललात म्हणून," मी म्हणाले. "माझ्या हातचं आता खाल ना? काय आणू?"

त्यांनी उशाकडच्या छोट्या टेबलाकडे बोट केलं. तिथे एक लहान डबा होता, तळाशी थोडं सूप सुकलेलं. मी तो उचलला. आतली बाजू खरखरीत झाली होती, कड वाकडी, आणि भिंतीला बारीक फोड आल्यासारखं दिसत होतं. ओळखायला तो पालथा करायची गरज नव्हती. तरी मी केला.

"रोज दुपारी माझं सूप ह्यातच गरम होऊन येतं," सासूबाई म्हणाल्या. "हा एकच नाही, बदलून बदलून. तू दुपारची कामावर असतेस, तुला कसं दिसणार."

मी डबा खाली ठेवला.

"ठिपका कशाचा ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. माझा लेक रोज येऊन सगळं सांगतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? वहिनींना सांगायचं, टाकून दे म्हणून! खाल्लंत कशाला?"

"वाट बघत होते."

"कसली?"

"तू सांगतेस का त्याची." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "डबे वर जातात हे तुला माहीत होतं. वर मी जेवते, हेही माहीत होतं. मला वाटलं, आज येईल, उद्या येईल. म्हणेल, आई, त्यात खाऊ नका."

मला खरंच सुचलं नव्हतं, असं मी म्हणणार होते. पण ते खरं नव्हतं. एकदा सुचलं होतं. गाजरं सोलताना, अगदी ओझरतं. आणि मी मनात म्हणाले होते, त्या माझ्यासाठी कुठे बोलल्या होत्या?

ते जणू त्यांना ऐकू गेलं. "त्या दिवशी मला माहीत असून मी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "मला वर राहायचं होतं, मोठीशी वैर नको होतं. आता तुला माहीत असून तू गप्प बसलीस. फिटलं आपलं. जा, खालून काहीतरी आण. भूक लागली आहे."

मी खाली धावले. रस्सा केला. निळ्या काठाचं भांडं चिकटलेले तांदळाचे दाणे काढून घासलं, भरलं आणि वर नेलं. सासूबाई उठून बसल्या. मी भांडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चमचा घेतला नाही. दोन्ही हातांनी भांडं डोळ्यांच्या वर उचललं आणि खालून त्याचं बूड पाहिलं. काचेतून लालभडक रस्साच दिसत होता, दुसरं काय दिसणार. मग भांडं मांडीवर ठेवून त्या सावकाश जेवल्या, बोटंसुद्धा चाटली.

आता रोज मीच त्यांचं जेवण नेते. वन्संनीच तसं ठरवून टाकलंय. माझ्या हातच्या चवीचं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगतात. पण जेवण पुढे ठेवलं की, घरात कुणीही बसलेलं असो, त्या आधी भांडं वर उचलतात, त्याच्या बुडाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि जेवायला लागतात.